इंटरल्यूकिन-6 अडवल्यावर: माझ्या रिपोर्टांची हकिकत

टॉसिलिझुमॅब या संधिवातावरच्या औषधाचा पहिला डोस घेतल्यावर दोन आठवड्यांनी रक्त तपासलं, तेव्हा सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारा आकडा, 0.4 आला. 5 च्या आत असला तर नॉर्मल धरतात, आणि माझा त्याआधी कितीतरी महिने 40 च्या खाली उतरलाच नव्हता. घरात सगळ्यांना आनंद झाला. पण त्या दिवशीही माझं उजवं मनगट सुजलेलं होतं, हात लावला तर गरम लागत होतं, आणि मूठ पुरती मिटत नव्हती. कागदावर सूज संपली होती, हातात ती होती तशीच होती.

माझ्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (संधिवाताच्या डॉक्टर) मॅडमना याचं अजिबात आश्चर्य वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "सीआरपी बनवतं लिव्हर. आणि बनव म्हणून लिव्हरला सांगतं इंटरल्यूकिन-6, पेशी निरोप द्यायला वापरतात ते प्रथिन. आपण तो निरोपच लिव्हरपर्यंत पोचू देत नाही आहोत, त्यामुळे हा आकडा सगळ्यात आधी पडणार. सांधे सावकाश येतील. आणि एक लक्षात ठेवा, इथून पुढे तुमच्या बाबतीत या आकड्याचा अर्थ बदलला."

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. रोगप्रतिकारशक्ती शिकवताना पांढऱ्या पेशी, प्रतिपिंडं, लसी इथपर्यंत आम्ही जातो. या पेशी एकमेकींना निरोप कसे देतात, त्या निरोपांवर लिव्हर, अस्थिमज्जा आणि मेंदूही कसे हालतात, हा भाग वर्गात सहसा येत नाही. मला तो माझ्याच रक्ताच्या रिपोर्टांनी शिकवला. एक इंटरल्यूकिन अडवलं की शरीरात काय काय बदलतं ते मी महिन्यामागून महिना पाहिलं, आणि त्यावरूनच ते आधी काय काय करत होतं हे उमगत गेलं.

दुखणं सुरू झालं 2016 च्या पावसाळ्यात. भाकरी थापताना तळहात टेकला की कळ मनगटातून कोपरापर्यंत जायची. सकाळी बोटं इतकी आखडलेली असायची की पेस्टची ट्यूब दाबता येत नसे. शाळेत पहिला तास संपेपर्यंत खडू नीट धरता यायचा नाही. दोन्ही हात सारखेच, दोन्ही पावलं सारखीच. अँटी-सीसीपी ही या आजाराची रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हे नाव लागलं. आमच्याकडे याला संधिवातच म्हणतात, आणि संधिवात म्हटलं की लोकांना म्हातारपणीचे झिजलेले गुडघे आठवतात. हा आजार झिजेचा नाही. सांध्याच्या आत एक पातळ अस्तर असतं. रोगप्रतिकारक पेशी त्या अस्तरात येऊन ठाण मांडतात, अस्तर जाड होतं, आणि तिथून टीएनएफ, इंटरल्यूकिन-1, इंटरल्यूकिन-6 असे सुजेचे निरोप नेणारे पदार्थ सतत सुटत राहतात. सांध्यातल्या पाण्यात इंटरल्यूकिन-6 भरपूर सापडतं. ते तिथेच थांबत नाही, रक्तातून सगळीकडे जातं. म्हणून हा आजार बोटांपुरता राहत नाही. मला दुपारी तीननंतर जो थकवा यायचा तो दुखण्यापेक्षा वाईट होता. बसल्या जागी डोळे मिटायचे आणि झोप मात्र लागायची नाही.

पहिली दोन-अडीच वर्षं नेहमीच्या गोळ्यांत गेली: आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेट, तिच्यासोबत फॉलिक अ‍ॅसिड, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, मधूनमधून थोडं स्टेरॉइड. मेथोट्रेक्सेट हे या आजारातलं मुख्य औषध आहे आणि असंख्य लोकांना त्याने उत्तम बरं वाटतं. मला त्याची मळमळ सोसेना. पुढे पुढे तर गोळीचा पिवळा रंग दिसला तरी पोटात ढवळायचं. डोस कमी केला की सांधे उसळायचे.

तेव्हा बायोलॉजिक औषधांचा, म्हणजे जिवंत पेशींकडून बनवून घेतलेल्या आणि असा एखादा निरोप नेमका अडवणाऱ्या औषधांचा, विषय निघाला. आपल्याकडे बहुतेक वेळा आधी टीएनएफ अडवणारी औषधं सुचवतात. माझ्या बाबतीत मॅडमनी इंटरल्यूकिन-6 चा मार्ग अडवायचं ठरवलं, त्याला दोन कारणं होती. बरीचशी बायोलॉजिक औषधं मेथोट्रेक्सेटच्या जोडीने जास्त चांगली चालतात, आणि मला तर मेथोट्रेक्सेट नकोच होती. टॉसिलिझुमॅब एकट्यानेही चांगलं काम करतं. दुसरं म्हणजे माझा सीआरपी खूप चढलेला आणि हिमोग्लोबिन उतरलेलं होतं. या दोन्ही गोष्टी इंटरल्यूकिन-6 कडे बोट दाखवत होत्या.

पण लगेच सुरू करता येत नाही. आधी छातीचा एक्स-रे, टीबीसाठी त्वचेवर करायची मांटू चाचणी, टीबीची रक्तचाचणी, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, लिव्हर, कोलेस्टेरॉल, सगळ्या पेशींची मोजणी. आपल्या देशात टीबीचे जंतू शरीरात झोपलेले असणं अगदी सर्रास आढळतं, आणि त्यांना झोपवून ठेवण्याचं काम याच रोगप्रतिकारक निरोपांवर चालतं. माझी रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली. एक्स-रे स्वच्छ होता, खोकला-ताप काही नव्हता, म्हणजे आजार नाही, फक्त जंतू. तरी आयसोनियाझिडच्या गोळ्या सहा महिन्यांसाठी सुरू झाल्या, जोडीला बी6 जीवनसत्त्व, आणि महिनाभर त्या घेतल्यावरच पहिल्या डोसची तारीख मिळाली. तो महिना मला फार लांब वाटला. आज कुणी विचारलं तर मी ठामपणे सांगेन की या पायरीवर घाई करू नका आणि करूही देऊ नका. त्याच महिन्यात न्यूमोनियाची आणि फ्लूची लसही घेतली, कारण औषध सुरू झाल्यावर जिवंत जंतूंच्या लसी घेता येत नाहीत आणि बाकीच्या लसी आधीच घेतलेल्या बऱ्या.

डोस पुण्याला, डे-केअरमध्ये. वजनाच्या प्रत्येक किलोला 8 मिलिग्रॅम. माझं वजन 60 किलो, म्हणजे 480 मिलिग्रॅम: 400 ची एक कुपी आणि 80 ची एक. औषध 2 ते 8 अंश तापमानात ठेवावं लागतं, गोठूही द्यायचं नाही आणि हलवायचंही नाही, म्हणून वितरकाकडून ते थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांसह येतं. सिस्टर ते 100 मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळतात आणि तासाभरात थेंब थेंब सोडतात. रक्तदाब, नाडी, अंगावर पुरळ येतंय का याकडे लक्ष ठेवतात. चार आठवड्यांनी पुन्हा. खर्चाबद्दल एवढंच सांगते की आमची घर बांधायची ठेव यात गेली, आणि ती योग्य ठिकाणी गेली.

त्या खाटेवर पडल्यापडल्या मी या औषधाबद्दल बरंच वाचलं. 1980 च्या दशकात वेगवेगळ्या प्रयोगशाळा वेगवेगळ्या रेणूंच्या मागे होत्या. एकीला बी-पेशींना प्रतिपिंडं बनवायला लावणारा घटक हवा होता, दुसरीला लिव्हरला चालना देणारा, तिसरीला इंटरफेरॉनसारखा काहीतरी. 1986 मध्ये जपानच्या ओसाका विद्यापीठात तादामित्सु किशिमोतो आणि तोशिओ हिरानो यांच्या गटाने आपल्या घटकाचा जनुक वेगळा केला, आणि पुढच्या काळात लक्षात आलं की हे सगळे एकाच रेणूचा पाठलाग करत होते. तोच इंटरल्यूकिन-6. किशिमोतोंच्या गटाने मग त्याचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची तो निरोप घेणारी जागा, शोधला, आणि त्या रिसेप्टरवर बसून वाट अडवणारं प्रतिपिंड म्हणजेच टॉसिलिझुमॅब. जपानमध्ये ते 2005 मध्ये कॅसलमन नावाच्या विरळा आजारासाठी आणि 2008 मध्ये संधिवातासाठी मंजूर झालं. 2009 चं क्राफोर्ड पारितोषिक हे स्वीडनचं विज्ञानातलं मोठं पारितोषिक किशिमोतो, हिरानो आणि इंटरल्यूकिन-1 वर आयुष्य घालवलेले अमेरिकन डॉक्टर चार्ल्स डिनारेलो यांना मिळून दिलं गेलं. हे वाचताना माझ्या शिरेत तेच औषध जात होतं. या तिघांबद्दल मला जी कृतज्ञता वाटते ती शब्दांत नीट सांगता येत नाही.

आता हिमोग्लोबिनची गोष्ट, कारण माझ्या मते हा या सगळ्यातला सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे.

आजाराच्या काळात माझं हिमोग्लोबिन 9.2 होतं. "रक्त कमी आहे" हे आपल्याकडे बायकांना इतक्या वेळा ऐकावं लागतं की त्याचं उत्तरही ठरलेलं असतं. सासूबाईंनी अळिवाचे लाडू केले, खजूर झाले, बीट झालं, लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने झाल्या. आकडा हलला नाही. मॅडमनी फेरिटिन तपासलं, तर ते 310. फेरिटिन म्हणजे साठवलेलं लोह. साठा भरपूर आणि रक्तात मात्र टंचाई, जसं कणगी धान्याने भरलेली असावी आणि किल्ली कुणाकडे आहे तेच कळू नये. ती किल्ली हेप्सिडिन या संप्रेरकाकडे असते. तेही लिव्हरच बनवतं, आणि इंटरल्यूकिन-6 चा निरोप आला की जास्त बनवतं. हेप्सिडिन वाढलं की आतड्यातून लोह रक्तात येत नाही आणि साठवणाऱ्या पेशीही ते सोडत नाहीत. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांना इंटरल्यूकिन-6 दिलं, तर काही तासांतच हेप्सिडिन कित्येक पटींनी वाढलं आणि रक्तातलं लोह साधारण एक तृतीयांशाने घसरलं.

शरीर असं का करतं? जंतूंनाही वाढायला लोह लागतं. संसर्ग झाला की रक्तातलं लोह लपवणं ही जुनी आणि शहाणी चाल आहे. आठ-दहा दिवसांच्या आजारात तिचा फायदाच होतो. माझ्यासारख्या वर्षानुवर्षं चाललेल्या आजारात तीच चाल माणसाला फिकट करून टाकते. टॉसिलिझुमॅब सुरू झालं आणि लोहाची एकही जादा गोळी न घेता हिमोग्लोबिन चढायला लागलं: 9.8, 10.9, मग 12.1. जिना चढताना धाप लागेनाशी झाली. दुपारचा तो थकवा सांध्यांच्याही आधी उतरला. (हे वाचून कुणी लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. खरी लोहाची कमतरता आपल्याकडे फार आहे. पण आतून सुजेचा आजार असेल आणि गोळ्यांनी फरक पडत नसेल, तर फेरिटिन आणि सीआरपी एकत्र बघायचे का, असं डॉक्टरांना जरूर विचारा.)

बाकीचे बदल थोडक्यात. प्लेटलेट वाढलेल्या होत्या, त्या खाली आल्या. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंवर आधी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्तात कमी दिसायला लागल्या. त्या 1000 च्या खाली गेल्या तर डोस थांबवतात, माझ्या 2100 वर स्थिरावल्या. कोलेस्टेरॉल मात्र 180 वरून 230 वर गेलं. सूज पेटलेली असताना चरबीचे आकडे दबलेले असतात आणि ती विझली की वर येतात, असं कारण मॅडमनी दिलं, आणि तरीही कोलेस्टेरॉल उतरवणारी रोजची छोटी स्टॅटिनची गोळी सुरू केली. तिसऱ्या डोसनंतर मी पुन्हा भाकरी थापली.

मग 2020 च्या जानेवारीत जे झालं त्याने मला इंटरल्यूकिन-6 ची दुसरी बाजू दाखवली. थोडा कोरडा खोकला, मोठा श्वास घेतला की उजव्या बरगडीखाली टोचणं, आणि खूप अशक्तपणा. थर्मामीटरवर 99. गावातल्या प्रयोगशाळेत सीआरपी केला तर 0.6. दुसऱ्या कुणाचा हा रिपोर्ट असता तर तीन दिवस काढा घे, आराम कर, म्हटलं असतं. पण पहिल्याच भेटीत मॅडमनी सांगून ठेवलेलं होतं: "ताप नाही आणि सीआरपी नाही म्हणून संसर्ग नाही, असं तुमच्याबाबत कधीही धरायचं नाही." ताप येण्यामागेही इंटरल्यूकिन-6 चा मोठा वाटा असतो; मेंदूतल्या तापमान ठरवणाऱ्या केंद्रापर्यंत तो निरोप जावा लागतो. माझ्या शरीरात निरोप निघत होते आणि दारावरच अडत होते. त्याच संध्याकाळी एक्स-रे काढला. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया.

प्रतिजैविकं घेतली, पुढचा डोस लांबवला, बरी झाले. पण त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. आपण ताप आला की चिडतो, अंग दुखलं की चिडतो. हे शरीराने वाजवलेले इशारे आहेत, आणि माझ्यापुरते मी त्यांचा आवाज औषधाने बंद केलेला आहे. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये एक कार्ड असतं. त्यावर औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख, आणि ठळक अक्षरांत: ताप आणि सीआरपी यांवर विसंबू नये. खोकला, धाप, पोटात जोराचं दुखणं, लघवीची जळजळ, दाताचा फोड, यातलं काहीही झालं तरी मी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवते. पोटाचं मुद्दाम लिहिते आहे. या औषधावर असताना क्वचित कुणाला आतड्याला छिद्र पडतं आणि लक्षणं सौम्य राहतात.

त्यानंतर आलं 2021. मार्च-एप्रिलमध्ये महाराष्ट्रात कोविडची दुसरी लाट उसळली आणि जे नाव मला दोन वर्षं समजावून सांगावं लागायचं ते घराघरांत पोचलं. डी-डायमर, फेरिटिन, सीआरपी, आयएल-सिक्स (म्हणजे इंटरल्यूकिन-6) या चाचण्या लोक तोंडपाठ म्हणायला लागले. टॉसिलिझुमॅबचं "टॉसी" झालं. साठा संपला. वितरकाने सांगितलं, कुठेच नाही, केव्हा येईल सांगता येत नाही. मी हे औषध घेते हे माहीत असलेल्या एका लांबच्या नातेवाइकांचा रात्री अकरा वाजता फोन आला: "ताई, तुमच्याकडे एखादी कुपी शिल्लक आहे का हो?" नव्हती. त्यांचा आवाज अजून कानात आहे.

त्या वेळी लोकांना ते संजीवनी वाटत होतं, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन मुलं गावोगाव फिरत होती. इंग्लंडमधल्या रिकव्हरी चाचणीत 4000 हून अधिक रुग्ण होते, सगळे ऑक्सिजन कमी झालेले आणि सीआरपी 75 किंवा त्याहून जास्त असलेले. नेहमीच्या उपचारांवर 28 दिवसांत 35 टक्के दगावले, टॉसिलिझुमॅब दिलेल्यांत 31 टक्के. शंभरात चार जीव ही मोठी गोष्ट आहे. पण ज्यांना ते मिळालं नाही त्यांच्या घरच्यांनी स्वतःला दोष देत राहावं, इतकीही ती मोठी नाही. हे मी त्या नातेवाइकांना पुढे समोर बसून सांगितलं, आकड्यांसकट.

माझे डोस चुकले. दोन महिन्यांत सीआरपी 52, हिमोग्लोबिन पुन्हा 10 कडे घसरलेलं, मूठ मिटेना. चित्रफीत उलटी फिरवावी तसा सगळा क्रम उलटा घडला. मॅडमनी तेवढ्यापुरत्या टोफासिटिनिबच्या गोळ्या दिल्या. टॉसिलिझुमॅब निरोप पेशीच्या दारावर अडवतं. ही गोळी निरोप आत शिरल्यावर पुढे नेणाऱ्या जॅक एन्झाइमना अडवते. त्याने भागलं, आणि साठा परत आल्यावर मी जुन्या औषधावर आले. त्या काळात आणखी एक गोष्ट कळली, ती इथे सांगते कारण तिच्यामुळे उगाच घबराट होते. टॉसिलिझुमॅब घेतल्यावर रक्तातलं इंटरल्यूकिन-6 मोजलं तर ते वाढलेलं दिसतं. रिसेप्टरवर बसून ते पेशींत शोषलं जायचं, ती वाटच बंद झाल्यामुळे ते रक्तात साचतं. औषध चालू असताना ही चाचणी करू नये आणि केली तर आकड्याला घाबरू नये.

याच औषधाला कर्करोगाच्या उपचारातही जागा मिळाली आहे. 2012 मध्ये फिलाडेल्फियात रक्ताच्या कर्करोगाच्या एका लहान मुलीला कार-टी पेशी (कर्करोगावर धावून जाव्यात म्हणून प्रयोगशाळेत बदललेल्या तिच्याच पांढऱ्या पेशी) दिल्यावर सायटोकाइनांचं, म्हणजे अशा निरोप नेणाऱ्या रेणूंचं, वादळ उठलं, तिच्या रक्तात इंटरल्यूकिन-6 अतोनात वाढलेलं आढळलं आणि संधिवाताच्या या औषधाने ती वाचली. आता आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी घडवलेल्या कार-टी उपचाराला 2023 मध्ये भारतात मंजुरी मिळाली आहे. असे उपचार करताना टॉसिलिझुमॅब हाताशी लागतंच. एका औषधाची वाट बघणारे किती वेगवेगळे लोक आहेत हे मला 2021 नंतर सारखं आठवतं.

सध्या माझे सांधे शांत आहेत. सीआरपी आता उपयोगाचा नाही, म्हणून मॅडम दर भेटीला 28 सांधे एकेक करून अंगठ्याने दाबून बघतात, कुठला दुखतो आणि कुठला सुजलाय ते लिहितात, आणि अधूनमधून मनगटाची सोनोग्राफी करतात, कारण अस्तरातला रक्तप्रवाह तिथे डोळ्यांनी दिसतो. दोन डोसमधलं अंतर चारवरून पाच आठवडे करून बघायचं आमचं चाललं होतं. गेल्या सोनोग्राफीत उजव्या मनगटात आजाराची थोडी हालचाल दिसली, त्यामुळे तूर्त चार आठवडेच. पुढची सोनोग्राफी दिवाळीनंतर आहे, अंतराचं तेव्हा पुन्हा ठरवू.